हिरीची राखण

"धरा रं त्याला! यानंच हिरीवर मेंढरं धुतली!"

नाथानं चंदरची मानगूट पकडली तशी गर्दी पुढं सरकली. चंदर धुळ्याकडून मेंढरं घेऊन आलेला, परमुलखाचा माणूस. "आईची आन, म्या हिरीजवळ बी नाय गेलो," तो हात जोडून सांगत होता, पण ऐकतंय कोण! अवकाळी पावसाचं गढूळ पाणी विहिरीत उतरलं आणि दोन दिवसांत एकोणीस जणांना जुलाब-उलट्या लागल्या. चिमणाबाईची नात सृष्टी नाशिकला सलाइनवर होती.

भिकन पाराच्या मागं उभा होता. विहिरीत रोज सकाळी औषधाची पावडर टाकायचं काम पंचायतीनं त्याच्याकडं दिलेलं. पाच दिवस गडी तिकडं फिरकला नव्हता. पत्त्यांचा डाव रंगलेला. 'एक दिसानं काय व्हतंय,' असं रोज म्हणत गेला. उभ्या जन्मात त्यानं एकही काम धड तडीला नेलं नव्हतं.

त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. गप राहिला असता तर निभावलं असतं.

नाथानं काठी उगारली.

"थांब नाथा!" भिकन गर्दीत घुसला. "त्याला सोड. पावडर म्याच टाकली नाय. पाच दिस झाले."

नाथानं चंदरची मानगूट सोडली. मग तीच काठी भिकनच्या खांद्यावर बसली. दुसरी पाठीत. त्यानं हात आडवा केला नाही.

"बास!" चिमणाबाई मधी आली. "भिकन, आता सांगून माझी पोर बरी व्हनार हाय का?"

"नाय, मावशे."

"मंग हितं मार खात काय बसला? हीर उपस. गावानं प्यायचं काय?"

भिकननं मोटार लावली. पाणी तळाला गेलं तसा दोराला धरून आत उतरला. गुडघाभर गाळ, नाकात जाणारा कुजका वास. पाटी भरायची, दोर हलवायचा. वर पाट्या ओढायला गावातलं कुणी आलं नाही; चंदर आला. दिवस मावळेस्तोवर तो पाट्या ओढत राहिला.

चौथ्या दिवशी सृष्टी घरी आली. पंचायतीत पावडर टाकायला नवा माणूस नेमायचं चाललेलं. चिमणाबाई उठली. "नवा त्यो बी इसरंल. ह्यो आता मरंस्तोवर इसरायचा नाय. ह्यालाच ठिवा."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत भिकन विहिरीवर हजर. पावडर कालवून सोडली, तासभर थांबला, मग पहिला हंडा भरून चिमणाबाईच्या दारात नेला.

तिनं हंड्याकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं.

"आधी तू पी."

भिकननं ओंजळ पुढं केली.