शेठची बॅग आधी उतरली

मी शिवदासशेठची बॅग बोलतेय. मला चार चाकं आहेत, पण ती जमिनीला फारशी कधी लागलीच नाहीत. शेठची बॅग फरफटत नेणं म्हणजे शेठचाच अपमान, असं मला उचलणाऱ्या मितेशचं मत आहे. म्हणून तो मला छातीशी धरून नेतो, नवसाचं पोर धरावं तसा.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या लोकांनी मला उंचावरून आपटलं, माझ्यावर पाणी ओतलं, हँडल ओढून ओढून पाहिलं. बॅगेनं काय काय सोसलं पाहिजे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माणसांची अशी परीक्षा कुठे होते का, मला माहीत नाही. होत असती, तर बरेच जण कारखान्याबाहेर पडलेच नसते.

पनवेलच्या एका दुकानातून शेठनी मला आणलं. माझ्या पोटात तेव्हापासून तेच सामान आहे. खळ घातलेले पांढरे सदरे, एक कंगवा, अत्तराची बाटली आणि शालींचा गठ्ठा. शेठना कुठेही, कुणाचाही सत्कार करता यायला हवा ना! कुणी दहावी पास झालं, शाल. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, शाल. गावात पाणी येत नाही ते नाहीच, पण उकाड्यात घामाघूम होऊन शाल पांघरलेली माणसं मात्र घरोघर आहेत.

मला कोण धरणार, यावरून शेठच्या मागेपुढे फिरणाऱ्या पोरांमध्ये भांडणं व्हायची. शेवटी हा मान मितेशला मिळाला. मितेश पदवीधर आहे. ज्या दिवशी मी त्याच्या हातात आले, त्या दिवशी त्यानं घरी पेढे नेले. त्याची आई, नीराबाई, मला वरून खाली न्याहाळत म्हणाल्या होत्या, "नोकरी लागली का काय रं तुला?"

"आये, शेठनी बॅग दिली."

"तुला दिली?"

"धरायला दिली."

नीराबाईंनी पेढा परत ताटात ठेवला.

निवडणूक जवळ आली, तशी शेठनी गावकऱ्यांना विमानानं बालाजीला न्यायचं ठरवलं. ज्यांची भातखाचरं आणि मिठागरं बुजवून खाडीकाठी विमानतळ झाला, तीच माणसं आता त्या धावपट्टीवरून पहिल्यांदा उडणार होती. शेठच्या फलकावर याला 'भूमिपुत्रांची गगनभरारी' म्हटलं होतं. फलकावर विमान लहान होतं आणि शेठ मोठे.

देवाला जायचं म्हणजे मटण-कोंबडी बंद. म्हणून आदल्या दुपारी शेठच्या भिंतीलगतच्या प्लॉटवर सगळ्यांनी पोटभर उरकून घेतलं. भक्तीची तयारी अशी जोरात चालते आमच्याकडे. जेवणं झाल्यावर पिसं, आतडी, हाडं यांची पिंपं उरली. पिंपांवर माशा घोंगावत होत्या.

"शेठ, ह्ये कुठं टाकू?" मितेशनं विचारलं. मी त्याच्या काखेत होते.

"टाक की भिंतीपल्याड, तिवरांच्या झाडीत. घारी खातील. पुण्य लागंल."

तिवरांच्या पलीकडे धावपट्टी होती. भिंतीवर 'कचरा टाकू नये, पक्ष्यांमुळे विमानास धोका' असं मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. मितेशनं ते वाचलं. मोठ्यानं वाचलं. मग पिंप उपडं केलं.

सकाळी विमानात बसलो, तेव्हा खाडीवर घारींचा बाजार भरला होता.

शेठ पुढच्या रांगेत बसले. त्यांच्या मागे मितेश, आणि त्याच्या शेजारी खिडकीशी नीराबाई. मी वरच्या कप्प्यात. झाकण लागल्यावर दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. हवाई सुंदरीनं नीराबाईंचा पट्टा लावून दिला आणि सांगितलं, "आजी, मी क्रांती. आपल्या इकडचीच."

"मंग आपलीच हाईस की! ती झाडं दिसतात ना, तिथं माझ्या सासऱ्याचं मिठागर व्हतं बघ."

नंतर क्रांती दारं, संकटात उतरायच्या फुगणाऱ्या कापडी घसरगुंड्या, सामान सोडून बाहेर पडणं, हे सगळं सांगत होती. तेवढ्या वेळात शेठसोबत सेल्फी काढायला तिघं उठले. एकानं तर तिलाच फोटो काढायला सांगितलं.

विमान धावू लागलं. आणि मोठा धडाका झाला. विमान एका अंगाला ओढलं गेलं, करकरत थांबलं. मग आत वास शिरला. पिसं जळल्याचा, मांस करपल्याचा.

मागून कुणीतरी खुशीत म्हणालं, "जेवण आलं वाटतं!"

मागे मान वळवून खिडकीतून पाहिलं फक्त नीराबाईंनी. "मितेश, त्या पंख्याच्या डब्यातनं जाळ निघतोय."

"आये, ते तसंच असतंय. पयल्यांदा बसलीस ना."

तोही पहिल्यांदाच बसला होता.

तेवढ्यात वैमानिकाचा हुकूम आला, विमान रिकामं करा. क्रांती ओरडू लागली, "उठा! सामान सोडा! उजव्या बाजूनं बाहेर!" आणि काय सांगू, कुणी उठेना. माणसं भरलेलं विमान जळत होतं आणि सगळ्यांच्या माना शेठकडे वळल्या होत्या.

"शेठ उठलं का?"

"न्हाय अजून."

"मंग बसा की. शेठच्या आधी उतरताव का?"

अडाणीपणा म्हणावं, तर यात मास्तर होते, बँकेतले होते. मान देण्याची इतकी सवय झाली होती, की जीव वाचवायलाही त्यांना कुणाची तरी परवानगी लागत होती.

शेठ उठले. आणि म्हणाले काय? "मितेश, बॅग काढ."

मितेशनं कप्पा उघडला. मी घट्ट अडकले होते. तो वाटेत उभा राहून मला ओढत राहिला आणि त्याच्यामागे सगळी रांग खोळंबली. डाव्या खिडक्या काळ्या होत होत्या. नीराबाईंनी त्याच्या सदऱ्याला धरलं. "माझा हात धर रं. मला उठवंना."

त्याचे दोन्ही हात माझ्यात गुंतले होते.

चाक मोडून मी निघाले. शेठ पुढे, मी आणि मितेश मागे. नीराबाईंचा हात सुटला आणि मागून आलेला लोंढा त्यांना सीटवर दाबून पुढे गेला.

दारात क्रांतीनं मला पकडलं. "टाक ती बॅग!"

"ताई, शेठची हाय!"

"कोण शेठ? टाक आणि उडी मार!"

मितेशनं हिसका दिला आणि मला मिठी मारून घसरगुंडीवर पडला. माझ्या चाकाचा तुटका कोपरा त्या कापडात घुसला. मला ते जाणवलं. टर्रकन फाटलं. आम्ही खाली पोचलो आणि आमच्यामागे घसरगुंडी लोळागोळा होऊन लोंबू लागली. वरून क्रांतीचा आवाज आला, "हे दार बंद! मागे वळा, मागच्या दारानं!"

म्हणजे ज्यांनी शेठना आधी जाऊ दिलं, त्यांना आता धुरातून उलटं जायचं होतं.

गवतात शेठ हात झटकत होते. मितेश विमानाकडे बघत होता. मागच्या दारातून माणसं घसरत होती, त्यात त्याची आई नव्हती.

"आये..." तो म्हणाला.

"येईल रं. बंब आलंत. आधी बॅगेतनं दुसरा सदरा काढ. हा मळलाय, कॅमेरेवाले येतील."

आणि मितेशनं मला उघडलं. हो, उघडलं. सदऱ्याची घडीही मोडू दिली नाही त्यानं.

सगळ्यात शेवटी क्रांती आली. नीराबाईंना पाठीमागून कवेत घेऊन ती घसरत खाली आली. नीराबाईंचं तोंड काजळलं होतं, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मितेश धावला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग उघड्या पडलेल्या माझ्याकडे.

"बॅग आली ना नीट? मंग झालं."

माणसं सगळी वाचली. कशामुळे? क्रांतीमुळे, बंबवाल्यांमुळे. पण गावाच्या नाक्यावरचा फलक म्हणतो, 'बालाजीच्या कृपेने शेठ सुखरूप'. घारींबद्दल फलकावर काही नाही. कोंबड्यांबद्दलही नाही. मी आता शेठच्या संपर्क कार्यालयात टेबलावर असते, हार घातलेली. येणारा-जाणारा मला हात लावून बघतो. विमानाला आग लागली तरी शेठची बॅग सोडली नाही, अशी मितेशची ख्याती झाली आहे.

काल शेठनी नीराबाईंना बोलावलं. सत्कार करायला. माझ्यातली एक शाल काढली गेली, फोटोवाला उभा राहिला. नीराबाई धापा टाकत जिना चढून आल्या होत्या. त्यांना अजून चार पावलं चाललं की बसावं लागतं. शाल अंगावर पडायच्या आत त्यांनी ती हातानं बाजूला सारली.

"शेठ, श्वास पुरत न्हाय मला. शालीचं काय करू?" मग त्या मुलाकडे वळल्या. "मितेश, जिना उतरवंना मला एकटीला. चल, धर मला."

शेठना पुढच्या कार्यक्रमाला निघायचं होतं, म्हणून मी मितेशच्या हातात होते. तो हलला नाही. त्यानं शेठकडे पाहिलं.

शेठ फोनवर बोलत होते.

नीराबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग भिंतीला हात लावत, एकेक पायरी उतरत एकट्याच गेल्या. त्यांचा श्वास बराच वेळ जिन्यातून ऐकू येत होता. मितेशलाही येत होता. माझ्या हँडलवरची त्याची मूठ घामानं ओली झाली होती.

अरे, टाक ना मला खाली. मी बॅग आहे. मला लागत नाही.