सहाशे बारा वाक्यं

मिस्त्रींच्या बायकोच्या घशात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं : स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनला अठरा दिवस होते. इस्पितळात बोलण्याचे व्यायाम शिकवणारी एक बाई होती. तिने सुचवलं, "घरात रोज जे जे बोलता ते आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा. पुढे कॉम्प्युटरवर बटण दाबलं की तुमच्याच आवाजात ऐकू येईल. आणि हो, त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा बरं का."

"ठेवतो," मिस्त्री म्हणाले. त्यासाठी पेन ड्राइव्हसुद्धा आणला. तो पाकिटासकट खणात गेला आणि तिथेच राहिला.

बायकोने सत्तावीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींचा फोन सांभाळला होता. पलीकडचा माणूस शिव्या देत सुरू व्हायचा आणि पाच मिनिटांत 'बरं ताई, वाट बघतो' म्हणून फोन ठेवायचा, असा तिचा आवाज. आवाज घुमू नये म्हणून ती डोक्यावरून रजई घेऊन माईकसमोर बसली आणि अकरा दिवसांत सहाशे बारा वाक्यं बोलली. 'चहा टाकू का.' 'गॅस बंद केलात का.' 'कोण आलंय बघा.' नातीसाठी लाडाची वेगळी, नवऱ्यासाठी रागाची वेगळी.

"रागाची कमी पडतील," मिस्त्री दारातून म्हणाले.

"मग तुम्ही चुका कमी करा," रजईतून उत्तर आलं.

ऑपरेशन झालं. मानेत श्वासाचं भोक राहिलं, आणि आवाज कॉम्प्युटरमध्ये. जेवायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर तो मांडला होता. नऊ वर्षांचा जुना. सुरू व्हायलाच सात मिनिटं घ्यायचा, आणि बटण दाबलं की आतली हार्ड डिस्क कर्रकर्र करत राहायची, मग चार-पाच सेकंदांनी वाक्य यायचं. तोवर गप्पा पुढे गेलेल्या असायच्या. लेक ऑफिसची गोष्ट संपवून उठलेली असायची आणि मागून आवाज यायचा, 'अगं बाई, मग काय झालं?' सगळे हसायचे. बायकोही हसायची. पण हळूहळू तिने मधे बोलणं सोडून दिलं, अगदीच लागलं तर पाटीवर लिहायची.

मग इस्त्रीचा प्रकार झाला. लेक बाहेर गेली होती. मिस्त्री पुढच्या खोलीत एक शिलाई मशिन उघडून बसले होते. शिलाई मशिनं दुरुस्त करण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. आत जेवायच्या टेबलावर इस्त्री तापत होती आणि तीन वर्षांची नात खुर्चीवर चढली. आजी कॉम्प्युटरपाशी होती. टेबलाच्या पलीकडे धावत जाण्यापेक्षा बटण जवळ होतं, म्हणून तिने बटण दाबलं. डिस्क कर्रकर्र करू लागली. नातीने हात ठेवला. तिची किंकाळी ऐकून मिस्त्री धावत आले, आणि नेमका तेव्हा स्पीकरमधून बायकोचा आवाज आला, 'हात लावू नकोस, बाळा.'

पोरीच्या तळव्याला फोड आले, पंधरवड्यात बरे झाले. बायकोने मात्र पाटीवर लिहिलं, "मी धावत जायला हवं होतं." चार दिवस ते वाक्य तिने पुसलं नाही.

पाचव्या दिवशी मिस्त्री कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "एसएसडी बसवा, नव्या पद्धतीची वेगवान डिस्क. जुन्या हार्ड डिस्कच्या जोडीला. सिस्टीम नव्या डिस्कवर टाकायची, जुनीवरच्या फायली आहेत तिथेच राहू द्यायच्या. मशिन पळायला लागेल. घेऊन या, तासाभराचं काम आहे."

"कशाला? एक वायर करंटची, एक डेटाची. मी करतो की."

"करा. फक्त सिस्टीम टाकताना जुन्या डिस्कची वायर काढून ठेवा. चुकून तिच्यावर हात पडायला नको."

"मी काही नवशिका नाही," मिस्त्री म्हणाले.

गुरुवारी लेक आईला तपासणीला घेऊन गेली, नातही बरोबर गेली. मिस्त्रींनी कॉम्प्युटरचा डबा उघडला, ब्रशने धूळ झाडली, तळहाताएवढी एसएसडी दोन स्क्रूंनी बसवली. जुन्या डिस्कची वायर आठवणीने काढली. पण मशिनला नवी डिस्क दिसेचना. त्यांनी वायरी अदलून बदलून पाहिल्या, शेवटी दोन्ही डिस्का जोडल्या, तेव्हा कुठे दोन्ही दिसल्या. आता परत काढा, परत दिसणार नाही, या भीतीने त्यांनी जुनीची वायर तशीच राहू दिली.

सिस्टीम टाकायला घेतली. निम्म्यात अडकली. वायर सैल असेल म्हणून त्यांनी दोन्ही वायरी काढून पुन्हा खोचल्या. पुन्हा पहिल्यापासून. आता पडद्यावर दोन डिस्का होत्या, शून्य आणि एक. दोन्ही एकाच मापाच्या, कारण 'सारखंच माप द्या' असं त्यांनीच दुकानात सांगितलं होतं. मघाशी नवी कोरी दिसत होती. आता अर्धवट कामामुळे तिचेही भाग पडले होते. मघाशी नवी 'शून्य' होती, हे मिस्त्रींना पक्कं आठवत होतं. पण मधे आपण वायरींची जागा बदलली, हे ध्यानात आलं नाही. त्यांनी शून्यवरचे सगळे भाग पुसले. 'इथला सगळा डेटा जाईल' असं मशिनने विचारलं. त्यांनी 'हो' म्हटलं.

या वेळी काही अडलं नाही. मिस्त्री पाणी प्यायले, हात धुतले. मशिन सुरू होऊ लागलं आणि डब्यातून आवाज आला, कर्रकर्र.

एसएसडी आवाज करत नाही. तिच्यात फिरणारं काही नसतंच. म्हणजे सिस्टीम जुन्या डिस्कवर गेली होती. मिस्त्री खुर्चीवर बसले. पडदा उजळला, पण त्यांना तो बघवेना.

तिघी परत आल्या तेव्हा ते म्हणाले, "जुनी डिस्क गेली. वयच झालं होतं तिचं. मी हात लावला आणि गेली."

बायकोने पिशवी खाली ठेवली. मग तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि पाटी घेतली. "तुमचा काय दोष? मीच दिवसभर मशिन चालू ठेवायची. माझ्यामुळे झिजली."

या पाटीच्या आड मिस्त्रींनी तीन दिवस कसेबसे काढले. एसएसडीवर सिस्टीम टाकून झाली होती, मशिन वीस सेकंदांत सुरू होत होतं, आणि बटणं सगळी रिकामी होती. जुनी डिस्क काढून ते पुसलेला डेटा परत मिळवून देणाऱ्याकडे देऊन आले होते. तो म्हणाला, "पुसून वर नवी सिस्टीम टाकलीत? मग जे हाती लागेल ते आपलं."

रविवारी सकाळी बायको पुन्हा पाटीवर लिहू लागली, "माझ्याच हाताने..." तेवढ्यात मिस्त्री बोलून गेले, "तू नाही. मी पुसली. चुकीची डिस्क निवडली. दुकानदाराने बजावलं होतं, तरी."

तिने लिहिलेलं पुसलं. पाटी पालथी घातली आणि आत निघून गेली.

लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. या काळात तिचा अबोला कधी दोन तासांवर टिकला नव्हता. तिलाच बोलल्याशिवाय राहवायचं नाही. आता एकोणीस दिवस पाटी पालथी होती. ताट वेळेवर समोर येत होतं, कपडे घडी होऊन येत होते. लेक आल्यावर पाटी सुलटी व्हायची, ती गेली की पुन्हा पालथी. लेकीने बापाला बाजूला घेऊन म्हटलं, "बाबा, तिच्याशी बोला ना."

"मी बोलतोच आहे," मिस्त्री म्हणाले. "रोज बोलतो."

मिळालेल्या फायली आल्या तेव्हा सहाशे बारांपैकी एक्याऐंशी होत्या. नावं गेलेली, कितीतरी मधेच तुटलेली. मिस्त्रींनी सकाळी बायकोला खुर्चीवर बसवून एकेक लावली. 'चहा टा-' 'सांभाळून जा-' एका फाईलमध्ये नुसता तिचा खोकला होता. बाराव्या फायलीला तिने हात वर केला आणि खूप दिवसांनी त्यांच्यासाठी पाटी ओढली. "तुकडे नकोत." पाटी पुन्हा पालथी झाली.

मग लेकीनेच एक प्रोग्राम बसवून दिला. टाइप केलं की एक तयार आवाज ते वाचून दाखवी. तरुण, गोड, कुठल्याही दुकानात 'पुढचा नंबर' पुकारणारा आवाज. नातीने पहिल्यांदा ऐकला आणि आईच्या मागे लपली. बायकोने दोन दिवस त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री पुढच्या खोलीत शिलाई मशिनला तेल देत होते. आतून आवाज आला, "इकडे या."

कोण बाई आली म्हणून ते उठून आत गेले. बायको पडद्यासमोर होती. तिची बोटं चालली आणि थांबतात न थांबतात तोच तो गोड आवाज म्हणाला, "मला खोटं का सांगितलंत?"

मिस्त्री दारातच उभे राहिले. हाताला तेल होतं, कुठे टेकवावं कळेना.

"भीती वाटली," ते म्हणाले.

"कशाची?"

"तुझी."

ती वळून टाइप करू लागली. सत्तावीस वर्षं फोनवरच्या तक्रारी टाइप करायची सवय, पटापट.

"मी काय करणार होते? ओरडणार होते?"

तो आवाज रागावलेला नव्हता. त्या आवाजाला राग माहीतच नव्हता. बायकोचा चेहरा मात्र लाल झाला होता आणि मानेवरच्या भोकातून श्वास सूं सूं करत जोरात येत-जात होता. ती किती चिडली आहे, हे त्या खोलीत एवढ्याच गोष्टीवरून कळत होतं.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "दोन्हींबद्दल म्हणतोय."

तिने मान हलवली. हो म्हणून, की ऐकलं म्हणून, ते त्यांना कळलं नाही. मग तिने पुन्हा टाइप केलं आणि त्या परक्या बाईने लगेच सांगितलं, "हात धुऊन या. जेवण गार होतंय."

मिस्त्री हात धुवायला गेले. तेल लवकर निघेना.