दोन वार

टिटवीने सामानाची पिशवी ओट्यावर उपडी केली आणि वहिनीने कपाळाला हात लावला.

"एवढ्या मिरच्या? घरातल्या माणसांना जेवू घालायचंय की घराबाहेर काढायचंय?"

टिटवी म्हणजे माझी भाची, दादाची एकुलती एक. जन्मली तीच असा आवाज काढत की पाळण्यातल्या नावाची वेळ येण्याआधी हे नाव पडलं, आणि ते पुढे कोणी बदललं नाही. ती शिकायला परगावी असते. खोलीतली मैत्रीण चिनी, तिच्याकडून ही हॉटपॉट करायला शिकून आली होती. वहिनीने हॉटपॉट हा शब्द ऐकला आणि कपाटातून जेवण गरम ठेवायचा डबा काढून, पुसून, ओट्यावर ठेवला. त्यावरून मायलेकींची अर्धा तास जुंपली.

"अगं आई, टेबलाच्या मधोमध रस्सा उकळत ठेवायचा. भोवती कच्चे काप मांडायचे. ज्याने त्याने आपापला काप बुडवायचा, शिजवायचा, खायचा."

"म्हणजे रांधायचं पाहुण्यांनीच?" दादा दारातून म्हणाला. "ही पद्धत मला पटली. उद्यापासून घरात हीच."

हा 'उद्या' त्या दिवशी आमच्या सगळ्यांच्या तोंडी होता. वर्षभर घरी बसलेला दादा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बाजारात उभा राहणार होता. फळबाजारात तो लिलाव पुकारतो. लिलावाच्या ओट्यावर उभा राहिला की त्याला भोंगा लागत नाही. बोलीवर बोली चढवत नेतो, मग "एक वार, दोन वार, तीन वार!" आणि तीन म्हटलं की माल गेला. तोवर कोणीही बोली वाढवावी, पण तिसऱ्या वारानंतर देवही आला तरी पेटी परत मिळत नाही. वहिनी त्याच बाजारात वजनकाट्यावर होती. तिथेच त्यांचं जमलं, ती म्हणते आवाजाला भुलून.

गेल्या वर्षी दाढी करताना त्याचं तोंड एका बाजूला गेलं. बोलायला लागला तर शब्दांचा नुसता लगदा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं पूर्ववत झालं, तरी डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं, मेंदूकडे जाणारं रक्त थोडा वेळ अडलं होतं. हा इशारा समजा. पुढच्या खेपेला अडलेलं आपोआप सुटेलच असं नाही, आणि बोलणं गेलं तर परत येईलच असंही नाही. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, यातलं एक जरी दिसलं तर क्षणभर थांबू नका.

परत येताना गाडीत दादा म्हणाला, "वरच्याने एक वार पुकारलंय. अजून दोन बाकी आहेत." आम्ही हसलो. वहिनी हसली नाही.

तेव्हापासून घरात मीठ मोजून, तेल मोजून. रोज सकाळी वहिनी चहाचा कप हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहायची आणि म्हणायची, "पुकारा." दादा तिन्ही वार खणखणीत पुकारायचा, तिसऱ्याला कप त्याच्या हातात. त्या दिवशीही पुकारलं होतं, शेजारचा कुत्रा भुंकेपर्यंत.

पण माणूस पक्का चोर! खाण्याच्या बाबतीत त्याच्यावर विश्वास ठेवणं म्हणजे मांजराला दुधाची राखण. खारे दाणे मोज्यात लपवून ठेवलेले मी स्वतः पाहिले आहेत. वहिनीने तेही शोधले आणि मोज्यासकट फेकून दिले.

टिटवीने कढईत तेल तापवलं, आलं-लसूण टाकलं, मग भिजवून वाटलेल्या मिरच्या आणि घेवड्याच्या बियांचा आंबवलेला गडद लगदा. मंद आचेवर ती ते हलवत राहिली. तेल हळूहळू लाल होत गेलं, मसाल्यापासून सुटं झालं, आणि मग घरात असा ठसका उठला की खिडक्या उघडूनही उपयोग होईना. सगळ्यांचे डोळे गळायला लागले. शेवटी तिने बोटाच्या चिमटीत काळपट लाल दाणे घेतले.

"हे खरं गुपित. तिरफळाची चुलत बहीण समजा. आत्या, एक चाव."

मी चावला. आधी लिंबासारखं काही, मग ओठांवर मुंग्या, मग जीभ माझी राहिलीच नाही. माझ्या शिवणकामातला रोजचा शब्द, "शिलाई", म्हणायला गेले तर "शियाई" बाहेर पडलं. टिटवी हसून लोळायची बाकी. तिने स्वतः चार चावले आणि तीही बोबडी झाली. वहिनीने तोंड फिरवलं, "मला नको तुमची थेरं." दादाने हात पुढे केला, तर तिने तो वरच्या वर झटकला.

टिटवीच्या पातेल्याला मधोमध पत्र्याचा पडदा होता. एका बाजूला लाल रस्सा, दुसऱ्या बाजूला दादासाठी पांढरा. त्यात हाडांचं पाणी, आलं, अळंबी, मीठ नाहीच. टेबलावर विजेची शेगडी, तिच्यावर ते पातेलं. वहिनीने पळीने पडद्यावर टकटक केलं.

"ही हद्द. अलीकडचं तुमचं. मीही तुमच्याच बाजूचं खाणार आहे. आज तरी शब्द पाळा, उद्या उभं राहायचंय."

"पाळला," दादा म्हणाला. आम्ही तिघींनीही ते खरं मानलं नाही.

मी त्याच्या समोर बसले होते. त्याने उद्यासाठी मी शिवलेला सदरा घातला होता, बसतो का बघायला. मधे दोन्ही रश्श्यांची वाफ. टिटवी मांसाचे कागदासारखे पातळ काप लाल रश्श्यात सोडत होती. ते आक्रसायचे, रंग बदलायचे, की उचलायचे. पहिल्या घासाला मी रडले, दुसऱ्याला नाक पुसलं, तिसऱ्याला अजून दे म्हटलं. तोंड बधिर झालं की ओघळ हनुवटीवर आलेला कळत नाही, म्हणून टिटवीने प्रत्येकाच्या गळ्यात रुमाल बांधला. लाल तेल मात्र कोणाला सोडत नव्हतं. माझ्या बाह्या, टेबलावरचं कापड, टिटवीची वाटी, सगळीकडे ठिपके.

दादाच्या हातातल्या जेवायच्या चिनी काड्यांतून काप निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. "शिकला नाहीस अजून," मी बोबड्या बोलीत म्हटलं. टिटवीने त्याला काटा दिला. थोड्या वेळाने काटाही टेबलाखाली गेला.

"लहान मूल बरं," वहिनी म्हणाली आणि दुसरा काटा आणायला उठली.

त्याच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून रस्सा गळत होता. आमचंही गळतच होतं. त्याचे डोळे पाणावले होते. आमचेही. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, कसं दिसावं?

मग तो म्हणाला, "माझं तोंद बधी झाय."

आमच्या हसण्याने वाफ हलली असेल. टिटवीने टेबलावर हात आपटला, "बाबा, पकडले गेलात!"

वहिनी हसत नव्हती. ती काटा हातात घेऊन तिथेच उभी राहिली. "चोरून खाल्लंत ना? मी पाठ फिरवली तेवढ्यात?"

"नाइ," दादा म्हणाला.

"नाइ काय नाइ! बोबडी वळलीय ती काय पांढऱ्या पाण्याने? एक दिवस, एकच दिवस मागितला होता तुमच्याकडे. जिभेचे चोचले पुरवायचे आणि मग वाचाच गेली की बसा! मी रोज सकाळी कप घेऊन उभी राहते ते कोणासाठी? माझ्यासाठी?"

बोलता बोलता तिचा आवाज फाटला. वर्षभराची भीती होती ती, रागाच्या वेषात आलेली. दादा तिच्याकडे नुसता बघत राहिला. वाटलं, आता काहीतरी हजरजबाबी फेकेल आणि ती फणकारेल आणि पुन्हा सगळं सुरू होईल. 

दादाकडे उत्तर नाही, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी हातातल्या काड्या खाली ठेवल्या.

कपडे शिवण्यात माझं आयुष्य गेलं. तिरकं काही दिसलं की मला चैन पडत नाही. मी शिवलेल्या त्या सदऱ्याची गळपट्टी एका अंगाला सरकली होती. दोन्ही खांदे मी स्वतः मापले होते, सारखे होते. आता उजवा खाली गेला होता, आणि हात मांडीवर उताणा पडला होता.

मी त्याच्या वाटीकडे पाहिलं. दुधासारखा पांढरा रस्सा, वर अळंबीचा एक काप. लाल तेलाचा एक ठिपकासुद्धा नाही. काड्यांवर नाही, रुमालावर नाही, बोटांवर नाही.

"वहिनी," मी म्हटलं, "त्याने खाल्लं नाहीये."

"तू त्याचीच बाजू घे. बहीण ना!"

"वाटी बघ."

तिने पाहिली. आयुष्यभर वजनकाट्याकडे बघून खरं-खोटं ठरवणारी बाई ती, तिला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि अगदी सकाळच्या आवाजात म्हणाली, "अहो. पुकारा."

"एक," दादा म्हणाला. मग थांबला. ओठ हलले. "एक." पुन्हा, "एक."

टिटवीने रुग्णवाहिकेला फोन लावला. पण तिची जीभ तिच्या ताब्यात कुठे होती! "माज्या बाबांना..." पलीकडचा माणूस विचारत होता, "तुमचंच बोलणं अडखळतंय का? नीट बोला, कोण आजारी आहे?" ती रडायला लागली, तसं आणखीच कळेना. मी फोन घेतला तर माझीही तीच गत. शेवटी वहिनीने तो माझ्या हातातून ओढला. घरात धड तोंड तिचं एकटीचंच राहिलं होतं. काट्यावर वजन वाचून दाखवावं तसा तिने पत्ता सांगितला, एकेक शब्द सुटा. 

गाडीची वाट बघताना आम्ही त्याला जमिनीवर कुशीवर निजवलं. शेगडी बंद करायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. लाल रस्सा उकळत उकळत पडद्यावरून पांढऱ्यात उतरत होता. मी तो पाहिला, आणि दादाचा खांदा धरून तशीच बसून राहिले.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कधी सुरू झालं? औषध देता येईल की नाही, ते त्यावर आहे."

 "आमचीच तोंडं बधिर होती हो, कळलंच नाही," टिटवी म्हणाली. डॉक्टरीणबाई आमच्या तिघींकडे बघत राहिल्या. मी मनातल्या मनात जेवण उलटं उसवत गेले. वाटी, सदरा, बोबडा शब्द, काटा, काड्या. "पहिला काप निसटला तेव्हा," मी म्हटलं. "तेव्हा आम्ही नुकते बसलो होतो." त्या आत पळाल्या. वेळ अजून हातात होता, असं नंतर कळलं, पण फारसा नव्हता.

बाहेरच्या बाकावर वहिनी माझ्याशेजारी बसली होती. तिच्या अंगाला मिरच्यांचा वास येत होता. ती म्हणाली, "जन्मभर चोरून खाल्लं गं या माणसाने. मी कित्येकदा पकडलं, हसून सोडून दिलं. आणि आज नाही खाल्लं, तर आज मी त्याला चोर म्हटलं." मी तिचा हात धरला. दुसरं काय करणार होते?

दादा वाचला. उजवा हात अजून मांडीवरच असतो, पाय ओढत का होईना चालतो. त्याला सगळं कळतं, शब्द तेवढे सापडत नाहीत. पाणी हवं असलं की "ते" म्हणतो, टिटवी हवी असली तरी "ते". बाजारात ओट्यावर आता दुसरा माणूस उभा राहतो. त्याला भोंगा लागतो म्हणे. हे मी दादाला मुद्दाम सांगितलं, तेव्हा तो अर्ध्या तोंडाने हसला.

वहिनीने मात्र कप सोडला नाही. रोज सकाळी समोर उभी राहते, "पुकारा." कितीतरी सकाळी नुसता "एक" आला, आणि चहा तेवढ्यावर मिळाला. मग एक दिवस "एक वार" आलं. त्या दिवशी तिने शेजारीपाजारी सांगून टाकलं.

परवा मी सदऱ्याची बाही उसवायला गेले होते, त्याला एका हाताने घालता यावा म्हणून. टिटवीही सुट्टीवर आलेली. दादा खुर्चीत ताठ बसला. "एक वार," तो म्हणाला. मान खाली घालून काहीतरी शोधत राहिला आणि एकदम वर बघून म्हणाला, "दोन... वार."

टिटवीने टाळी वाजवली. दादाचा चेहरा उजळला, अगदी ओट्यावर उभा असताना उजळायचा तसा. त्याने छाती भरून श्वास घेतला. जीभ दातांना टेकलेली मला दिसली.

वहिनीने झटकन त्याच्या तोंडावर तळहात ठेवला. चहा बशीत सांडला.

"पुरे," ती म्हणाली. "तिसरा तेवढा राहू द्या."