हवा कुठवर आकसेल

अनुसया गोंदियाला मराठीतून मॅट्रिक झाली आणि लग्न होऊन मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आली. सासूबाई जिजाबाई स्वतः शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, पण सुनेनं कॉलेजात जावं हा हट्ट त्यांचाच. नवरा चैतराम राइस मिलमध्ये कामाला होता. आईपुढे त्याचं काही चालत नसे. १९६७ साली अनुसया विज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसली.

शिकवणं हिंदीतून. रसायनाचे तिवारी सर म्हणाले, "गैस का ताप बढ़ेगा तो आयतन बढ़ेगा," तेव्हा आयतन म्हणजे आकारमान एवढं तिला कळलं, पण हवेला ताप कसा येईल? हिंदीत तापमानालाच ताप म्हणतात, हे तिला बऱ्याच उशिरा उमगलं.

दिवाळीनंतर एका तासाला सरांनी विचारलं, "दाब वही रखा. बीस डिग्री की हवा चालीस डिग्री की. आयतन कितना?"

"दुगुना!" अख्खा वर्ग ओरडला.

"नहीं," अनुसयाच्या तोंडून निघून गेलं.

"क्यों नहीं?"

ती उभी राहिली. "सर, हवा... इतनी नहीं फुगती."

'फुगती' ऐकून वर्गात हशा पिकला. सर पुढे काही बोलणार तोच घंटा झाली.

घरी येताच तिनं पुस्तकं फळीवर टाकली. "उद्यापासून मी नाही जात."

"काहून?" जिजाबाई तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "लोकं हासले ते हासले. पण तुह्यं बरोबर होतं का चुकलं होतं?"

"तेच तं मले माहीत नाही."

"मंग पाह्य ना करून."

अनुसयानं सरबताची रिकामी बाटली घेतली, तोंडावर एक फुगा ताणून बसवला आणि बाटली गरम पाण्यानं भरलेल्या गंजात धरली. लोंबता फुगा हळूहळू उभा राहिला. पाणी बोट पोळेल इतकं कढत होतं, तरी फुगा लिंबाएवढाच झाला. दुप्पट व्हायला बाटलीएवढी हवा त्यात यायला हवी होती. तिला हुरूप आला. तिनं बाटली विहिरीच्या गार पाण्यात धरली. फुगा पुन्हा लोंबला.

जिजाबाई जवळ येऊन बसल्या. "अजून गार केली तं?"

"अजून आकसन."

"अन् त्याहून गार? कुठवर आकसन व माय? एक दिवस संपूनच जाईन का?"

दुसऱ्या दिवशी तास सुरू होण्याआधीच अनुसया सरांच्या खोलीशी गेली आणि तोच प्रश्न जमेल तशा हिंदीत विचारला. सर खुर्चीतून उठले. "ये सवाल तुम्हारा है?"

"मेरी सास का है, सर."

सर मनापासून हसले आणि तिला घेऊन वर्गात आले. फळ्यावर त्यांनी हवेच्या आकारमानाची एक तिरकी रेघ काढली. जितकी थंडी वाढेल, तितकी हवा आकसत जाईल. प्रत्यक्षात ती आधीच पातळ होऊन पाण्यासारखी होते, पण रेघ तशीच खाली नेली तर ती शून्याच्या खाली दोनशे त्र्याहत्तर अंशांवर आकारमानाच्या शून्याला जाऊन टेकते. "गिनती वहाँ से करो," म्हणत त्यांनी खडू तिच्या हातात दिला.

अनुसयानं लिहिलं. वीसचे दोनशे त्र्याण्णव झाले, चाळीसचे तीनशे तेरा. ती आकड्यांकडे पाहत राहिली आणि एकदम वळली. "आपण शून्य बर्फापाशी धरून राह्यलो! हवा का शून्य तो बहुत नीचे है. इसलिए थोडीच बढ़ेगी, सौ की एक सौ सात."

आपण अर्धं मराठीत बोललो हे तिच्या ध्यानातही आलं नाही. वर्ग वहीत उतरवून घेत होता.

संध्याकाळी वर्गातल्या साधना आणि पुष्पलता घर शोधत आल्या. साधना दारातूनच म्हणाली, "वो रेखा वाली बात हमें फिर से समझा दो."

जिजाबाईंनी चटई अंथरली, चहाचं आधण ठेवलं आणि पदर खोचून स्वतःही एका कडेला बसल्या.

"सांग व माय," त्या म्हणाल्या, "मले बी ऐकाचं हाय."