भुयाराच्या दारात चपला

लढाईच्या काळात बॉम्बपासून लपायला बांधलेलं आमचं भुयार हेरिटेज झालं, तेव्हापासून राखणदार अक्काताई रोज त्याच्या दारात रांगोळी घालते. काल तिथंच मॉक ड्रिल होतं आणि जबाबदारी माझ्या गळ्यात.

भोंगा वाजला. "पळा आत!" मी ओरडलो. गल्लीतली माणसं धावत आली आणि दारातच थांबून चपला काढायला लागली. वर्धमानअण्णा तर खाली बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागले.

"अवो, बॉम्ब पडायलाय!"

"पडू दे की," अक्काताई म्हणाली. "चपला घालून आत जायचं न्हाय."

ड्रिल तपासायला आलेल्या साहेबांनी 'नापास' लिहिलं. मी संतापून आत शिरलो आणि एकेकाला झाडायला लागलो. साहेब मात्र माझ्या अनवाणी पायांकडं बघत होते.