नंबर चालू आहे

गंगाधर गुरुजी स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर टाकून बोलत होते. कॅनडापर्यंत आवाज पोचवायचा तर ओरडलंच पाहिजे, अशी त्यांची पक्की समजूत होती.

"आईचं नाव? सुमती. बरं. गोत्र? काश्यप. अहो, रडू नका. व्हिडिओवरसुद्धा श्राद्ध यथासांग होतं."

उत्तरा समोर गवार मोडत बसली होती. फोन ठेवून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "बिचारा. एक कोड आला होता पूजेचा, तो सांगितला त्याला."

"बाबा! कोड कुणालाही सांगायचा नाही, असं किती वेळा बजावलंय तुम्हाला?"

"अगं, रडत होता तो."

"रडता कुणालाही येतं."

"मेलेल्या आईचं नाव कुणी खोटं सांगतं का?" ते हसले. "तू कॉलेजात शिकवतेस त्या कादंबऱ्यांत सगळे खोटं बोलतात, म्हणून तुला सगळं जग तसं दिसतं."

तीही हसली. संध्याकाळी बघू काय कोड होता तो, असं मनाशी म्हणाली आणि विसरली. रात्री गुरुजींनी भाकरीसोबत ठेचा मागून घेतला. पहाटे नेहमीसारखे स्नानाला रामकुंडावर गेले, ओल्या पंच्यानिशी पायरीवर टेकले, ते उठले नाहीत.

आई गेल्यापासून पंचवटीतल्या त्या घरात बाप-लेक दोघंच होती. नातेवाइकांना फोन चुलतभावाने, देवव्रतने केले. उत्तराने कुणालाच काही सांगितलं नाही. दूधवाल्याला "उद्यापासून एकच पिशवी" म्हणाली. कॉलेजात रजेच्या अर्जावर नुसतं 'घरगुती कारण' लिहिलं. शब्दांवर पोट असलेल्या बाईला त्यामागचे खरे दोन शब्द तोंडातून काढता येत नव्हते. बाबांच्या फोनला नेटवर्क नव्हतं. रिचार्ज संपला असेल, असं तिने धरलं. तरी तो रोज चार्जिंगला लावायची.

तेराव्यानंतरच्या सोमवारी कळवणकडच्या भागीबाईंचा फोन आला. पिढ्यान्‌पिढ्या यांच्याकडेच येणारं यजमानाचं घर.

"ताई, गुरुजींची तब्येत बरी हाय ना? मेसेज आला त्यांचा, दवाखान्याला पैसे लागतात म्हून. लगेच पाठवले. त्यांनी कधी हात पसरला नाय, म्हटलं लयच अडचण असंल."

"कुणाचा मेसेज?"

"गुरुजींचाच. आपल्या पंचांगाच्या ग्रुपवर. रोज सकाळी तिथी पाठवायचे, ते बंद झालं ना, तवाच म्हटलं काहीतरी झालंय."

उत्तराने बाबांचा फोन हातात घेतला आणि स्वतःच्या फोनवरून त्यांचा नंबर लावला. हातातला त्यांचा फोन मुका राहिला, आणि कानाला मात्र रिंग ऐकू येत होती. कुठेतरी तो वाजत होता. कुणीतरी कट केला. मग तिच्या फोनवर, बाबांच्या फोटोखाली, अक्षरं उमटली: 'बेटा, अभिषेक चालू आहे. थोड्या वेळाने फोन करतो.'

बाबांनी तिला उभ्या जन्मात कधी बेटा म्हटलं नव्हतं. तरीही एवढं जग वाचलेल्या त्या बाईला क्षणभर वाटलं, थांबावं. थोड्या वेळाने फोन येईल.

मग तिला स्वतःचीच भीती वाटली. तिने सायबर हेल्पलाइन लावली. पलीकडच्या माणसाने विचारलं, "नंबर ज्यांच्या नावावर आहे, ते हयात आहेत का?" तिने फोन ठेवून दिला, पर्स उचलली आणि रिक्षा पकडून मोबाइल कंपनीच्या दुकानात गेली.

काउंटरवरच्या मुलीच्या छातीवर 'रोशनी' अशी पट्टी होती. तिने नंबर टाकून पाहिला. "नंबर चालू आहे, मॅडम. ई-सिम काढलंय यावर, म्हणजे नंबर दुसऱ्या फोनवर गेलाय. कोड सांगितला होता का कुणाला?"

"ते बंद करा. आत्ता, लगेच."

"कस्टमरला स्वतः यावं लागेल."

"ते येऊ शकत नाहीत."

"बाहेरगावी आहेत? की आजारी? व्हिडिओ कॉलवर चेहरा दाखवला तरी चालेल."

"नाही दाखवता येणार."

"मॅडम, का ते सांगा ना. त्याप्रमाणे प्रोसेस वेगळी असते."

मागून कुणीतरी म्हणालं, "आटपा हो ताई, आम्ही काय मुक्कामाला आलोय का?" दोघंतिघं हसली. पर्समध्ये मृत्यूचा दाखला होता. देवव्रतने चार घड्या घालून दिला होता. तिने तो अजून उघडलाही नव्हता.

इतक्यात तिचा फोन वाजला. देवळाली कॅम्पातले निवृत्त हवालदार, चंदर.

"ताई, गुरुजींना सांगा, चंदर पैसे पाठवतोय. मुलीच्या लग्नाचे आहेत, पण आधी गुरुजी. बँकेतच उभा आहे."

"पाठवू नका, चंदरभाऊ."

"का? त्यांनीच मागितलेत."

"मी सांगते म्हणून नका पाठवू."

"हे बरंय! बाप दवाखान्यात आणि लेक अडवतेय? माझ्या आईची क्रिया त्या माणसाने एक पैसा न घेता केली. द्या त्यांना फोन. त्यांच्या तोंडून ऐकतो."

"त्यांना नाही देता येत."

"मग मी पाठवतो. साहेब, करा एन्ट्री."

मागचा माणूस पुन्हा काहीतरी बोलला. रोशनी पाहत होती. पलीकडे बँकेतल्या कीबोर्डचा खटखट आवाज येत होता. आणि कुठल्याशा खोलीत एक अनोळखी माणूस बाबांचं नाव लावून, त्यांच्या फोटोआडून, त्यांनी जन्मभर जोडलेल्या माणसांपुढे हात पसरत बसला होता. ती गप्प होती तोवर तो गंगाधर गुरुजी होता.

तिने दाखला काढून काउंटरवर ठेवला. घड्या उलगडल्या.

"चंदरभाऊ," ती म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की रांगेतला माणूस मागे सरला. "बाबा गेले. माझे बाबा गेले."