नायलॉनचा बुश

हेमांगीचं लग्न झालं ते दोन हजार बावीसच्या डिसेंबरात. लेकीला सोनगीरला पोहोचवून तोताराम धुळ्याच्या कारखान्यात परतला, तर त्याच्या लेथवर ताडपत्री टाकलेली. शेजारी नवं मशीन. शेठचा मुलगा रोनक कॉम्प्युटरपुढे बसलेला.

"नाना, नकाशा यात टाकला की सॉफ्टवेअरच मशीनला समजेल असं लिहून देतं. तीस वर्षं उभे राहिलात, आता झाडू घ्या. कीस फार साचतो."

सगळे कारागीर हसले. खुर्चीत बसलेले दलिचंदशेठही हसले. तेवढंच तोतारामला लागलं.

त्याने झाडू घेतला. संध्याकाळी फळीवर त्याच्या हातचा एकच नवा बुश उरला होता, तो डब्यात घालून घरी नेला.

पंपाचा दांडा ज्या कड्यात फिरतो ते हे बुश, नायलॉनचे. पाण्यात नायलॉन फुगतं, म्हणून तोताराम भोक नकाशापेक्षा केसभर मोठं कापायचा. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं आणि नकाशावर कोणी लिहिलं नव्हतं. सॉफ्टवेअरने नकाशाच वाचला.

मार्चपासून बुश फुगून अडकलेले पंप परत येऊ लागले. तोतारामच्या हातचे जुने बुश मोजावेत, तर सगळे वापरून झिजलेले; खरं माप कळेना.

"नाना, तुम्ही काय वेगळं करायचे?" रोनकने विचारलं.

"मी काय करसू? बठ्ठं कागदवर शे, सगळं नकाशात," तोताराम म्हणाला आणि झाडत राहिला. त्या दिवशी तो दोन भाकरी जास्त जेवला.

"इतला राग बरा नही," यशोदाबाई म्हणाली.

"गप बस."

एप्रिलात शेठ स्वतः घरी आले. जिना चढून धाप लागलेली. चहा पिताना त्यांची नजर देव्हाऱ्यात गेली. बुशात उदबत्त्या खोचलेल्या. त्यांनी तो उचलला, आत बोट फिरवलं. बोटाला राख लागली.

"नवाच आहे," ते म्हणाले.

तोतारामने सांडलेली राख पुसली.

शेठनी बुश होता तिथे ठेवला. "त्या दिवशी मीही हसलो होतो, तोताराम. तुला वाटेल तेव्हा आण. रोनकला मी सांगणार नाही."

ते गेल्यावर यशोदाबाईने चपला पुढे केल्या. "जा, बुश दी ये."

"आठ दिन उदबत्ती जळू दे त्यात अजून."

सातव्या दिवशी त्याने बुश धुतला, पुसला, डब्यात घातला आणि निघाला. कारखान्याचं फाटक बंद होतं. दलिचंदशेठ त्याच पहाटे, सतरा एप्रिल दोन हजार तेवीसला, वारले होते.